ढोल कमरेला, बोळे कानाला: एका पथकातला एक हंगाम

आधीच सांगते, पथकाचं नाव लिहिणार नाही. पुढे तक्रारी आहेत आणि लेकीला अजून तिथेच वाजवायचं आहे. मध्य मुंबईतलं ढोल-ताशा पथक, साठ-पासष्ट वादक, सराव एका उड्डाणपुलाखाली. एवढ्यावरून ओळखलंत तर ओळखलंत, पण परळपासून गिरगावपर्यंत अशी पथकं काही कमी नाहीत.

दुसरं, मी कान तपासते. पेशंटला आवाजबंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचा, ‘बारीकसा आवाज आला तरी बटण दाबा’ म्हणायचं आणि आलेख काढायचा, हे मी बावीस वर्षं करतेय. त्यामुळे ढोल-ताशा पथकाचा रिव्ह्यू लिहायला मी सगळ्यात नालायक बाई. किंवा सगळ्यात लायक, तुम्हीच ठरवा.

लेक अकरावीत होती तेव्हा जूनमध्ये नाव घातलं. फी दीड हजार, त्यात झब्बा, फेटा आणि गळ्यात घालायचं ओळखपत्र. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काडी, आपलं आपण आणायचं. पहिले तीन आठवडे ढोलाला शिवूसुद्धा दिलं नाही. रांगेत उभं राहायचं, तोंडाने बोल म्हणायचे, मांडीवर हात, म्हणजे ठेका, बसवायचा आणि तो बसला की जुन्या टायरवर टिपरू. त्या काळात आमच्या घरात फ्रिजचं दार, डब्यांची झाकणं, शेजारच्या आजींच्या गॅलरीचा कठडा, सगळ्यावर ‘पहिला हात’ वाजून झाला. आजी काही बोलल्या नाहीत. फक्त दुपारी झोपायची वेळ बदलली.

तिला खरं तर ताशा हवा होता. सगळ्यांनाच हवा असतो. ताशेवाला पुढे असतो, त्याची तर्री, म्हणजे काड्यांची जलद थरथर, सुटली की बघणाऱ्यांच्या माना वळतात आणि साठ ढोल त्याच्या इशाऱ्यावर उठतात, त्याच्याच इशाऱ्यावर थांबतात. पण इथे नियम असा, की पहिलं वर्ष ढोल नाहीतर ध्वज. ताशा दुसऱ्या वर्षी आणि तोही चाचणी देऊन. पथकप्रमुखांचा (सगळे त्यांना दादा म्हणतात) स्वतःचा पुतण्या वर्षभर ध्वज घेऊन चालला. हा नियम मला मनापासून आवडला. बारा हजारांची बॅट घेऊन पहिल्या दिवसापासून ओपनिंगला जाणारी मुलं आमच्या सोसायटीत खूप आहेत.

ढोलाचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, बदलायचं होतं म्हणून एका रविवारी तो घरी आला. मी तिला वजनकाट्यावर उभं केलं, एकदा ढोलासकट आणि एकदा ढोलाशिवाय. फरक साडेसात किलोचा. तो कमरेला बांधून दोन-अडीच तास वाजवायचा, वाकायचं, चालायचं आणि वर हसायचं. जुलैभर तिच्या कमरेवर हिरवानिळा पट्टा होता. बोटांना फोड, फोडांवर पट्टी, पट्टीवर पुन्हा टिपरू. मी मलम घेऊन बसले की म्हणायची, “आई, नको लावू, पकड सरकते.”

वेळापत्रक असं: मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी सात ते साडेनऊ आणि रविवारी सकाळी चार तास. पाच मिनिटं उशीर झाला तर पुलाच्या खांबांना फेऱ्या. तीन सराव बुडाले तर गणपतीच्या आगमनाच्या मिरवणुकीच्या यादीतून नाव कट. फोन पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली एका ताईंच्या कमरेला. घरी जेवतानासुद्धा फोन खाली न ठेवणारी मुलगी तिथे अडीच तास फोनशिवाय राहायची आणि त्याबद्दल तिने एकदाही कुरकुर केली नाही. युनिट टेस्टचे मार्क पडले, हेही लिहायलाच हवं. दिवाळीनंतर भरून निघाले.

आता थोडं आडवळण. माझ्या मावसभावाचा मुलगा अमेरिकेत वाढला. तिकडे ‘ड्रम कोर’ म्हणून प्रकार असतो. लिहिताना शेवटी ‘पी’ आणि ‘एस’ असतात, म्हणताना दोन्ही गिळायचे. त्यात हा दोन उन्हाळे स्नेअर ड्रम वाजवत होता. डिसेंबरात मुंबईला आला तेव्हा दोघं भावंडं गच्चीत बसून एकमेकांना आपापली हाडं दाखवत होती, इथे दुखतं, तिथे दुखतं. मी कांदेपोहे घेऊन गेले आणि तिथेच बसले.

त्याने जे सांगितलं ते असं. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली हवेत फेकून झेलणारा कलर गार्ड, मुख्यतः एवढंच. क्लॅरिनेट, बासरी असलं काही नाही. फुटबॉलच्या मैदानावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम, सगळा चालत, पळत, आकृत्या बदलत. तेवढ्यासाठी उन्हाळ्याच्या सुरुवातीला एखाद्या कॉलेजच्या आवारात राहायचं आणि दिवसाला दहा-बारा तास सराव करायचा. मग ऑगस्टपर्यंत गावोगाव दौरा. रात्री बसमध्ये डुलकी, पहाटे कुठल्यातरी शाळेच्या व्यायामशाळेत जमिनीवर वळकटी. आणि याचे पैसे मिळत नाहीत, मुलंच हजारो डॉलर फी भरतात.

“एवढे पैसे देऊन जमिनीवर झोपायचं?” आमच्या ह्यांनी विचारलं.

“बाबा, आपण दीड हजारात उभ्याने झोपतो,” लेक म्हणाली.

तिथे वयाची अट कडक आहे. एकविसापर्यंतच, बावीस पूर्ण झाली की पुढचा हंगाम नाही. शेवटच्या हंगामातली मुलं शेवटच्या रात्री कशी रडतात हे सांगताना त्याचाच आवाज बसला, त्याची अजून दोन वर्षं शिल्लक असताना. आमच्याकडे उलट. पथकात पंचावन्न वर्षांचे एक काका आहेत, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले. ते टोल, म्हणजे धातूची तबकडी, वाजवतात आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना गुडदाणी वाटतात. मला ही पद्धत जास्त बरी वाटते. सतरा वर्षांच्या पोरांमध्ये एखादं पिकल्या केसांचं डोकं असावं.

पण तिथली एक गोष्ट मला आवडली, ती म्हणजे गुण. तिकडची मुख्य स्पर्धा १९७२पासून चालू आहे आणि अंतिम फेरी आता इंडियानापोलिसच्या स्टेडियममध्ये होते. शंभरातले चाळीस गुण एकूण परिणामाला, तीस दिसण्याला, तीस संगीताला. दौऱ्यात ज्या रात्री स्पर्धा, त्या रात्री आकडा हातात. २०१४ साली ब्ल्यू डेव्हिल्स या कॅलिफोर्नियाच्या संघाने ९९.६५ मिळवले होते, हे त्याने मला असं सांगितलं जसं आपल्याकडे कुणी वानखेडेवरचा २०११चा स्कोअर सांगतं. आज काय चुकलं ते आजच कळतं. आमच्या पथकाला रस्त्यावरची टाळी मिळते, आणि रस्ता कुणालाही टाळ्या वाजवतो.

म्हणूनच पथक एका स्पर्धेत उतरलं तेव्हा मला बरं वाटलं. पंधरा मिनिटांची मर्यादा होती. यांचं वादन रंगलं आणि चाळीस सेकंद जास्त झाली. गुण कापले, नंबर गेला. घरी येताना दादर येईपर्यंत लेक एक शब्द बोलली नाही. फेटा मांडीवर ठेवून त्याचा शेव उलगडत आणि गुंडाळत बसली होती. पुढच्या रविवारी दादांनी भिंतीवरचं जुनं घड्याळ आणून खांबाला टांगलं. त्या दिवसापासून सगळे हात घड्याळावर. कुणी भाषण केलं नाही.

आगमनाचा दिवस. परळच्या कारखान्यातून मूर्ती निघायची वेळ चारची, निघाली पावणेसातला. मुलं ढोल बांधून तीन तास रस्त्यात उभी. त्या मंडळाचं नावही मी घेणार नाही. मग आला पाऊस. पहिल्या ओळीतल्या काही ढोलांना चामड्याची पानं होती, ती भिजून सैल पडली आणि आवाज ओल्या पुठ्ठ्यासारखा झाला. दादांनी हात वर केला, ढोल थांबले आणि चार ताशे तेवढे चालू राहिले. त्या पावसात नुसती तर्री, आणि मागे साठ मुलं टिपरं उचलून, न हलता उभी. किती वेळ, मी मोजलं नाही. मी छत्री उघडायची विसरले होते एवढं आठवतं. मग हात खाली आला आणि प्लास्टिकच्या पानांचे जेवढे ढोल होते तेवढ्यांवर एकदम टिपरू पडलं. माझी मुलगी त्यात होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. कुणाकडेच बघत नव्हती.

त्यासाठीच मुलं जातात. गोरेगावहून दोन गाड्या बदलून येणारा डिलिव्हरीवाला मुलगा, माहीमची कोळ्यांची पोर, एका डॉक्टरांचा मुलगा, सगळे.

आता तक्रारी, आणि त्या लहान नाहीत.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी अकराला सुरुवात झाली आणि रात्री साडेदहा वाजले. त्या दिवशी बारापर्यंत परवानगी असते, म्हणून कुणाला घाई नव्हती. मधे वडापाव आला, केळी आली, पाण्याच्या बाटल्याही आल्या. पण मुली पाणी पीत नव्हत्या. का, हे मुलग्यांना कळलं नाही, मला लगेच कळलं. साडेअकरा तासांत शौचालयाची सोय एकदाच झाली, तीही एका ओळखीच्या दवाखान्यात आणि मुलींनीच शोधलेली. रात्री लेकीचं डोकं एवढं दुखत होतं की फेटा सोडतानाही ती कळवळत होती. भाच्याला हे सांगितलं तर तो बघतच राहिला. त्यांच्याकडे प्रत्येकाचा तीन-चार लिटरचा पाण्याचा कॅन असतो, तो सरावाला नसेल तर ओरडा बसतो. पैसे घेतात पण पाणी पाजतात. आमच्याकडे शिस्त वेळेची आहे, पकडीची आहे, फेट्याची आहे. पाण्याची नाही.

आणि कान. सराव पुलाखाली, वर सिमेंट, बाजूला सिमेंट. आवाज बाहेर जात नाही, परत येतो. दहा फुटांवर उभी राहून मी मोबाइलवरच्या ॲपने मोजलं तर १०६ डेसिबल. ॲप म्हणजे अंदाजच, पण अंदाज तरी बघा. ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १००ला पंधरा मिनिटं आणि १०६ला चारसुद्धा नाहीत. इथे अडीच तास. गणपतीच्या आधी मी लेकीचा आलेख काढून ठेवला होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी परत काढला. ४००० हर्ट्झला, म्हणजे बारीक, उंच पट्टीच्या आवाजाला, उजवा कान वीस डेसिबलने खाली आला होता. तिसऱ्या दिवशी जागेवर आला. कानातल्या पेशी दमतात, झोपतात, उठतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर काही उठत नाहीत, आणि त्या परत उगवत नाहीत. चाळिशीतला एक बँडवाला माझ्या खोलीत हेडफोन लावून बसला होता आणि मी आवाज वाढवत वाढवत गेले तरी त्याने बटण दाबलं नव्हतं, तो मला आठवत राहतो.

मी फोमचे बोळे नेऊन दिले, सत्तर जोड. मुलं हसली. पहिल्या दिवशी सहा जणांनी घातले. ताशेवाले म्हणाले, “काकू, इशारा ऐकू येत नाही.” ते खोटं नव्हतं, फोम सगळंच दाबतो. मग मी संगीतवाल्यांसाठीचे, सगळ्या पट्ट्यांतला आवाज सारखाच कमी करणारे बोळे चार ताशेवाल्यांना आणून दिले, माझ्या खर्चाने. आता ते घालतात. ताशेवाल्यांनी घातले म्हणून ढोलवाल्यांनी घातले. पथकात अक्कल वरून खाली येते.

एक बाजू मांडायची राहिली. २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकात तीसच वादक असावेत असं सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले होते. मी लवादाकडून, बाकी सगळे कोर्टाकडून. आज विचाराल तर मी वादक मोजणार नाही. मी वेळ मोजीन आणि सराव पुलाखालून बाहेर काढीन.

पैशांचं म्हणाल तर मंडळाकडून मिळणाऱ्या मानधनातला रुपया मुलांना मिळत नाही, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. हिशेब मात्र मी मागितला. प्रमुखांनी वही पुढे केली. पानं, दोऱ्या, टेम्पो, वडापाव, एका पाड्यावरच्या शाळेला दप्तरं. शौचालय, पाणी, कान या नावाची ओळ नव्हती. तसं मी म्हटलं, तर त्यांनी पेन माझ्याच हातात दिलं.

पाचपैकी साडेतीन तारे. शिकवण्याला पाच, वक्तशीरपणाला साडेचार (अर्धा त्या पावणेसातचा, जरी चूक यांची नव्हती), मुलींच्या सोयीला एक.

यंदाची नोंदणी जूनच्या पहिल्या रविवारी झाली. लेकीने ताशाची चाचणी दिली. निकाल लागायचा आहे. ती भाच्याने दिलेल्या रबरी पॅडवर काड्या चालवते, त्यामुळे शेजारच्या आजी पुन्हा दुपारी झोपतात. फॉर्मवर ‘पालकांची स्वाक्षरी’ असा रकाना होता. मी सही केली आणि खाली पेनने लिहिलं: ‘विसर्जन मार्गावरची शौचालयं, नकाशासह, आठ दिवस आधी.’ दादांनी वाचलं, मान हलवली आणि फॉर्म इतरांच्या फॉर्मांवर, सगळ्यात वर ठेवला.