‘कोबो-कलेक्ट’वर दोन हंगाम: कर्ज, उधारी आणि मक्ता

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या बाजूच्या तीन गावांत कापूस पिकवणाऱ्या कुटुंबांच्या देण्याघेण्याचा अभ्यास करताना आम्ही ‘कोबो-कलेक्ट’ हे मोबाइल ॲप सलग दोन हंगाम वापरले. अभ्यासाची मांडणी दुहेरी होती. आधी घरोघरी जाऊन प्रश्नावली भरायची आणि मग त्यांतल्याच काही घरी बसून निवांत, लांबलचक मुलाखती घ्यायच्या. त्यामुळे आकडे आणि बोलणे एकमेकांशेजारी ठेवून पाहणाऱ्याला हे ॲप कितपत साथ देते, याच बाजूने मी ते तपासले आहे.

‘कोबो-टूलबॉक्स’ या मुक्तस्रोत व्यवस्थेचा हा मोबाइलवरचा भाग आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेल्या ‘ओडीके’ (ओपन डेटा किट) या माहिती गोळा करण्याच्या साधनसंचाच्या पायावर तो उभा आहे आणि त्याची जडणघडण हार्वर्ड विद्यापीठातील मानवतावादी कामाच्या केंद्राशी जोडलेली आहे. आपत्तीग्रस्त भागांत नेटवर्क नसतानाही माहिती गोळा करता यावी, हा त्यामागचा हेतू. त्याचा लाभ आम्हांला कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, झाला. दिवसभर फॉर्म भरायचे, ते फोनमध्ये साठवायचे आणि संध्याकाळी फाट्यावर रेंज आली की पाठवायचे, असा आमचा क्रम होता आणि त्यात एकही नोंद गहाळ झाली नाही.

प्रश्नावली एक्सेलच्या साध्या फाइलमध्ये तयार होते. ‘रेलेव्हंट’ रकान्यात अट लिहिली की भूमिहीन कुटुंबाला पेरणीचे प्रश्न विचारलेच जात नाहीत. ‘कन्स्ट्रेंट’ रकान्यामुळे एकरी कापसाचा अशक्य आकडा टाकताच ॲप अडवते. एका घरावर चार ठिकाणचे देणे असेल तर तोच प्रश्नगट चार वेळा उघडता येतो आणि ती माहिती पुढे वेगळ्या तक्त्यात, मूळ कुटुंबाच्या अनुक्रमांकासह मिळते. मराठी आणि इंग्रजी मजकूर एकाच फॉर्ममध्ये राहतो. मोजणीच्या कामाला यापेक्षा सोयीचे आणि विनामूल्य साधन माझ्या वापरात आलेले नाही.

पहिल्या हंगामातली आमची चूक या सोयीमुळेच झाकली गेली, हे मात्र नमूद केले पाहिजे. ‘सध्या तुमच्या कुटुंबावर कर्ज आहे का?’ असा प्रश्न होता. ‘नाही’ म्हटले की अटीप्रमाणे पुढचा सगळा गट गळत असे आणि सर्वेक्षक पुढच्या घराकडे वळत असे. तक्ता इतका नीटनेटका आला की त्याविषयी शंका घेण्याचे कोणाच्या मनातही आले नाही. नंतर मुलाखतीसाठी अशाच एका ‘नाही’वाल्या घरी बसलो असता, कवेलूच्या पडवीत सरकी निवडत बसलेले आजोबा सहज म्हणाले, ‘कर्ज कायचं बापा, थे त कृषी केंद्राची उधारी आहे. कापूस निघाला का फेडतो.’ कर्ज म्हणजे बँकेचे किंवा सोसायटीचे, सातबारावर बोजा चढवणारे. बियाणे-खतांची उधारी वेगळी, पाहुण्यांकडून घेतलेले हातउसने त्याहून वेगळे, आणि सावकाराचे तर परक्या माणसापुढे नावच काढायचे नाही. २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले, तेव्हापासून ‘कर्ज’ हा शब्द या भागात फॉर्म, यादी आणि माफी यांना चिकटून बसला आहे. तो उच्चारला की घरातला माणूस आधी एवढेच ताडून पाहतो की हा फॉर्म कोणत्या योजनेचा असेल.

यात ॲपचा दोष काडीचाही नव्हता. आम्ही क्रम उलटा लावला होता. आधी आकडे आणि मग त्यांचे स्पष्टीकरण करणाऱ्या मुलाखती, ही रीत प्रश्नातले शब्द पक्के ठाऊक असतील तेव्हा चालते; ते ठाऊक नसतील तर बोलणे आधी ऐकावे आणि त्यातून प्रश्न घडवावा. १९८९ मध्ये ग्रीन, कॅराचेली आणि ग्रॅहम या तिघींनी दोन पद्धती एकत्र आणण्याचे जे पाच हेतू सांगितले, त्यांत एका पद्धतीच्या निष्कर्षांना दुसरीने ताडून पाहणे हा जसा एक आहे, तसाच विसंगती शोधून नवा प्रश्न उभा करणे हाही एक आहे. आमच्या हाती हा दुसरा हेतू न मागता लागला.

आवाजाच्या नोंदीसाठी ॲपमध्ये ‘बॅकग्राउंड ऑडिओ’ची सोय आहे. ‘व्हॉइस-ओन्ली’ दर्जा निवडला की फाइल लहान राहते. परंतु फॉर्म उघडताच नोंद सुरू होते, म्हणून संमती फॉर्म उघडण्यापूर्वीच घ्यावी लागते. ती आतल्या पहिल्या प्रश्नावर ठेवणे योग्य नाही. पूर्ण मुलाखतीसाठी आम्ही अखेर साधा रेकॉर्डरच वापरला आणि प्रश्नावलीतला कुटुंब-क्रमांक प्रत्येक ध्वनिफितीच्या सुरुवातीला मोठ्याने उच्चारला. हा क्रमांक दोन्हीकडे सारखा नसेल तर तक्ता एकीकडे आणि मुलाखतींची चळत दुसरीकडे पडून राहते, आणि अहवालात त्यांची केवळ दोन प्रकरणे होतात.

ध्वनिफितींचे लेखन आम्ही पैसे देऊन एका बाहेरच्या सेवेकडून करून घेतले. तिचे नाव देत नाही. तो अनुभव वाईट होता. मजकूर वेळेत आला, शुद्धलेखनही निर्दोष होते. मात्र लेखनिकाने वऱ्हाडी बोलणे सरळ प्रमाण मराठीत उतरवले होते. ‘मक्ता’ आणि ‘बटई’ या दोहोंच्या जागी ‘भाडेपट्टा’ आले. ठरलेली रक्कम देऊन दुसऱ्याचे वावर करणे आणि पिकातला वाटा देऊन करणे, यांत बुडीत हंगामाचा भार कोणावर पडतो याचाच फरक आहे, आणि तो पुसला गेला. सर्वत्र ‘उधारी’चेही ‘कर्ज’ झाले होते, म्हणजे प्रश्नावलीतली आमची चूक विकत घेऊन आम्ही मुलाखतींतही घातली. सगळ्या फिती गावातल्याच पदवीच्या दोन विद्यार्थिनींकडून पुन्हा ऐकून लिहून घ्याव्या लागल्या.

दुसऱ्या हंगामाच्या फॉर्ममधून ‘कर्ज’ हा शब्द काढून टाकला. ‘कापूस निघाल्यावर पहिले पैसे कोणाकोणाला द्यावे लागतात?’ असा प्रश्न आला आणि खाली सोसायटी, बँक, बचत गट, कृषी केंद्र, मक्त्याचे मालक, नातेवाईक, इतर असे पर्याय ठेवले. प्रत्येक पर्यायावर टिचकी मारली की रकमेचा रकाना उघडतो. सावकार हा पर्याय यादीत मुद्दाम घातला नाही. ‘इतर’ समोरच्या मोकळ्या जागेत सर्वेक्षक ऐकलेला शब्द जसाच्या तसा टाइप करतात.