गारवा देणारी जाकिटे: बडोद्यातील एका उन्हाळ्याचा अनुभव

मकरपुऱ्यातील एका कारखान्याच्या हिशेब विभागात मी काम करते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, हे माझ्याकडे पाहून कोणाच्याही लक्षात येत नाही. या आजारात मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण झिजते, आणि शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले तरी अशा तंतूंमधून जाणारे संदेश अडखळू लागतात. अंगमेहनतीनंतर अशा रुग्णांची नजर तात्पुरती धूसर होते, याची नोंद विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच केली होती. मे महिन्यात दांडिया बाजारातून स्कूटरने कार्यालयात पोहोचेपर्यंत माझे पाय जड होतात व आकडे धूसर दिसू लागतात. अंग थंड झाले की त्रास ओसरतो, म्हणून मी दोन जाकिटे घेतली.

पहिले पाण्यात दहा मिनिटे भिजवून, पिळून घालायचे असते. त्याचा गारवा बाष्पीभवनातून येत असल्याने मेच्या कोरड्या हवेत ते तीन तास उत्तम चालते, परंतु जुलैत ते निव्वळ ओले कापड ठरते. विक्रेत्याने हे वेष्टनावर छापायला हवे होते. दुसऱ्याच्या कप्प्यांत गोठवलेल्या पिशव्या बसवतात. ते पावसाळ्यातही उपयोगी पडते, मात्र जड आहे, जवळजवळ दुप्पट महाग आहे आणि पिशव्या दर दोन तासांनी बदलाव्या लागतात, म्हणजे कार्यालयात फ्रीज हवाच.

आधीच्या नोकरीत ‘तुम्ही तर धडधाकट दिसता’ असे सांगून मला फ्रीजचा कप्पा नाकारण्यात आला होता. वास्तविक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हा आजार नावानिशी आहे, आणि २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हे आपल्या समान संधी धोरणात नमूद करायचे असते. ते धोरण मी मागितले, तेव्हा व्यवस्थापक ‘शोधून सांगतो’ म्हणाले. अद्याप शोधत असावेत. सध्याच्या ठिकाणी कॅन्टीनच्या फ्रीजमध्ये ताकाच्या पिशव्यांशेजारी जागा आणि पिशव्या बदलण्यापुरती दहा मिनिटे मिळतात. तेवढ्यावर ३१ मेच्या मुदतीचे टीडीएस विवरणपत्र यंदा मी एकही रजा न घेता पूर्ण केले.

‘ताई, एवढ्या उन्हात स्वेटर?’ या शिपाईकाकांच्या प्रश्नाला मात्र दोन्ही जाकिटांकडे उत्तर नाही. बडोद्यासाठी एकच घ्यायचे असल्यास दुसरे घ्यावे, तेही सैल कुर्त्याच्या आत मावेल अशा मापाचे.