शांती अवेदना सदन, वांद्रे: बरं होणार नाही हे कळल्यावर

माउंट मेरीजवळचं हे सदन 1986 साली सुरू झालं, भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची अखेरपर्यंत शुश्रूषा करणारी जागा. हाताबाहेर गेलेल्या कॅन्सरचे रुग्ण इथे विनामूल्य ठेवतात, धर्म विचारत नाहीत. केमोची आशा धरून येऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि सगळे रिपोर्ट सोबत आणा.

अशा जागेचं खरं मोल वेदनाशमनात. मॉर्फिनची, म्हणजे अफूपासूनच्या वेदनाशामकाची, साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते. ‘दुखलं की देऊ’ म्हटलं की दुखणं डोकं वर काढतं आणि मग आवरत नाही. पहिल्या दिवसापासून जोडीला पोट साफ होण्याचं औषध हवंच, नाहीतर मळाचे खडे होतात आणि घरचे गोळीच बंद करून टाकतात. व्यसन लागेल ही भीती इथे गैरलागू आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. अन्नावरची वासना गेली की प्रेमापोटी घास कोंबू नये, ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जातं. ओल्या कापसाने ओठ टिपावेत, तेवढ्यानेही चेहरा सैलावतो.

सेवा नन्स करतात. ज्याला नामस्मरण हवं त्याने ते करावं. रुग्णाने ‘मी जाणार का?’ विचारलं तर विषय बदलू नका, हात धरून खरं सांगा. इच्छा, हिशेब, माफी, सगळं त्यानंतरच बोललं जातं.

बहुतेक जण फार उशिरा येतात, ही मोठी हळहळ. गोव्यात लोटलीलाही यांचं केंद्र आहे.