हार्ड डिस्क गेली: फाइली परत काढाव्या की नव्याने जमवाव्या?

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर आधी कॉम्प्युटर बंद करा. बहुधा आतलं हेड, म्हणजे तबकडीवरचा डेटा वाचणारा भाग, बिघडलेलं असतं आणि प्रत्येक वेळी चालू केल्यावर ते तबकडी आणखी खरवडू शकतं. अशी डिस्क थेट डेटा रिकव्हरी लॅबकडे द्यावी. खर्च मात्र नव्या डिस्कच्या कित्येक पट होऊ शकतो. आवाज नाही, फक्त पार्टिशन (डिस्कचा डी ड्राइव्हसारखा भाग) दिसत नाही, तर डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण डिस्कची प्रत घ्या आणि त्या प्रतीवर टेस्टडिस्क (हरवलेलं पार्टिशन शोधणारा) किंवा फोटोरेक (फाइली शोधून काढणारा) चालवा. तिन्ही प्रोग्रॅम फुकट. फोटोरेक सहसा मूळ नावं परत देत नाही, त्यामुळे हजारो फोटो उघडून ओळखत बसायची तयारी हवी. एसएसडीवर (तबकडी नसलेल्या, चिपवर चालणाऱ्या डिस्कवर) ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा साफ करणारी सोय, चालू असेल तर पुसलेलं बहुतेक गेलंच समजा.

नव्याने जमवणं कंटाळवाणं, पण स्वस्त. आधार डिजिलॉकरवर, सातबारा महाभूमीवर पुन्हा मिळतो. लग्नाचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर सापडतात, थोडे धूसर का होईना. लॅबचे पैसे मी फक्त दुसऱ्या कुणाकडेच नसलेल्या फाइलींसाठी मोजेन: आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, अर्धवट प्रबंध. दुकानाच्या टॅलीचा डेटा गेला असेल तर आधी सीएंना फोन करा. मार्चची प्रत त्यांच्याकडे असू शकते.