गोव्यात बेनी ऊराईन गालिचा घेताना

हणजूण-आसगाव पट्ट्यातल्या घरसजावटीच्या दुकानांत पांढऱ्या, जाडजूड, काळ्या तिरक्या रेषांचे बेनी ऊराईन नावाचे मोरोक्कन गालिचे लटकलेले दिसतात. इथे लिहितोय ते त्यातल्याच एका दोन बाय तीन मीटरच्या नगाबद्दल. माल अस्सल आहे. तरीही गोव्यातल्या प्रत्येक घरासाठी तो नाही.

आधी पाठ पाहिली. गाठींच्या दोन ओळींमध्ये बाण्याच्या (आडव्या सुताच्या) बऱ्याच ओळी आहेत, ताणा (उभं सूत) सुती नसून लोकरीचा आहे, आणि दशा म्हणजे ताण्याचीच उरलेली टोकं आहेत, मागून शिवलेली झालर नाही. पांढरा रंगही एकसारखा नाही, कुठे सायीसारखा तर कुठे पिवळसर. लोकर रंगवलेलीच नसते. काळ्या रेषा गडद मेंढ्यांच्या लोकरीच्या. एक धागा जाळला तर केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली. कृत्रिम धागा असता तर वितळून कडक मणी झाला असता.

हा गालिचा मोरोक्कोतल्या मध्य अ‍ॅटलास डोंगरांतल्या थंडीचा. तिथल्या अमाझिग (बर्बर) बायका वसंतात कातरलेली लोकर थंड वाहत्या पाण्यात धुतात. गरम पाण्यात चोळली तर ती आळून तिचा नमदा होतो. मळ, घाम आणि थोडी चरबी गेली की वजन निम्म्यापर्यंत उतरू शकतं. मग लोखंडी दातांच्या फणीने लांब तंतू निवडतात आणि चातीवर घट्ट पीळ देऊन ताण्याचं सूत काढतात. आखूड तंतू पिंजून सैल पिळाचं सूत होतं, ते बाण्याला आणि गाठींना. हा फरक चुकला की सगळंच बिघडतं: ताण्याला पीळ कमी पडला तर उभ्या मागावर लोखंडी पंजा ठोकताना तो तुटतो, आणि गाठीचं सूत फारच सैल असेल तर गालिचा वर्षानुवर्षं लव गाळतो.

बाणा ताणून भरला तर काठ आत ओढले जातात, म्हणून तो कमानीसारखा सैल टाकून मग ठोकायचा असतो. या नगाची रुंदी एका टोकाला चार बोटं कमी आहे. हाताच्या कामात एवढं चालतं. मात्र जमिनीवर पसरल्यावर मधोमध फुगवटा येत असेल तर ताण्याचा ताण असमान होता असं समजा, आणि तो कितीही तुडवला तरी बसत नाही. या नगात तसं नाही.

तक्रार दुकानाच्या बोलण्याबद्दल आहे. शेजारी लटकलेल्या, मोरोक्कोच्याच अझिलाल भागातल्या रंगीत गालिच्याचे रंग ‘मंजिष्ठ आणि डाळिंबाच्या सालीचे’ म्हणून भाव वाढवून सांगतात. ओलं पांढरं फडकं दाबलं तर गुलाबी डाग उमटला, म्हणजे रंग नीट बसलेलाच नाही. मोरोक्कोत रासायनिक रंग कित्येक पिढ्यांपासून वापरात आहेत. ते वापरण्यात लाज नाही, लपवण्यात आहे. तिसरा एक नग दुधासारखा शुभ्र आहे. तळवा घासला तर लोकर कोरडी, खरखरीत लागते. ब्लीच केल्याचं हे लक्षण. तो घेऊ नका.

आता गोव्याची हवा. लोकर हाताला ओली न लागताही स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिते. जूनपासून सोफ्याखाली पडून राहिली तर बुरशी आणि मेंढीचा वास येतो, आणि अंधारात कसर अंडी घालते. त्यापेक्षाही वाईट किनाऱ्यावरची वाळू. ती लांब लवेतून खाली उतरून गाठींच्या मुळाशी बसते आणि पावलागणिक तंतू कापते. व्हॅक्यूम फिरता ब्रश काढूनच वापरावा, आणि आधी गालिचा उलटा टाकून पाठीवरून झोडपावा.

मे अखेरीस दोन्ही बाजूंना ऊन द्यावं, सुती चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवावा. प्लास्टिकमध्ये नको, आत घाम धरतो. दसऱ्याला परत अंथरावा.

पणजीत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी हा नग जरूर घ्या. भिंतींना ओल येणाऱ्या तळमजल्यासाठी किंवा समुद्रालगतच्या घरासाठी त्याच दुकानातला बिनलवेचा, सपाट विणीचा हंबेल बरा. दोघांनी धरून झटकला की वाळू निघते आणि अर्ध्या दिवसाच्या उन्हात तो वाळतो. आणि धुण्याबद्दल दुकानात आधीच विचारा. ‘ड्रायक्लीन करा’ असं सांगितलं तर ऐकू नका: त्यातलं द्रावण लोकरीत उरलेली चरबीही काढून नेतं, आणि पाण्याचा थेंब वरच्यावर झेलते ती हीच चरबी.