पांढऱ्या खड्यांखालचं ड्रॅगन फ्रूट

आकडा आधीच सांगून टाकतो. निवडुंगांच्या खरेदीत फसून गेले ४७,५५० रुपये. बायकोला अजून फक्त ३८,००० माहीत आहेत.

मी नवशिका नाही. गच्चीवर पॉलिकार्बोनेटच्या छपराचं शेड आहे, दोन पंखे आहेत, कोल्हापूरच्या पावसाळ्यातही झाडं कोरडी ठेवायची सवय आहे. एझ्टेकियम नावाच्या निवडुंगाचं बी मी स्वतः पेरलंय. दोन वर्षांनी त्यातली जी चार रोपं जगली, ती तूरडाळीच्या दाण्याएवढी होती. मेक्सिकोत न्यूएवो लिओनच्या उभ्या कड्यांवर वाढणारं झाड ते, त्याला कसली घाई? पण मी आता चोपन्न वर्षांचा आहे. तयार झाड मिळतंय म्हटल्यावर तोंडाला पाणी सुटलं, त्यात माझं काय चुकलं?

फेब्रुवारीत एका ग्रुपवर एका विक्रेत्याशी ओळख झाली. आधी १,२०० चा छोटा एरिओकार्पस मागवला, तोही निवडुंगच. तो अस्सल निघाला, गाजरासारखं सोटमूळ, सगळं व्यवस्थित. मी खुशीत विक्रेत्याला झाडाचा फोटोही पाठवला. गळ असाच टाकतात, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मग ऑर्डर दिली: पाच एझ्टेकियम रिटेरी प्रत्येकी ४,००० आणि तीन एरिओकार्पस प्रत्येकी ६,०००. कुरिअरचे १,८५० वेगळे. ‘सगळी ओन-रूट, बियांपासून, बारा वर्षांची, सर.’ ओन-रूट म्हणजे कलम न केलेली, स्वतःच्या मुळावर वाढलेली.

खोकं उघडलं तो क्षण रोज आठवतो. कुंड्यांवर पांढरे खडे. एक कुंडी मी उलटी केली, एक खडा खाली पडला नाही. नखानं टोकरलं तर खड्यांमधून सुकलेल्या फेविकॉलचा पापुद्रा निघाला. तो माझ्या बोटावर होता! आणि मला काय वाटलं? माणसानं किती काळजीनं पॅक केलंय!

झाडंही बघा ना. एझ्टेकियम फुगलेलं, चकचकीत हिरवं, भोवती पिल्लांचा घोळका. स्वतःच्या मुळावर ते असं पैलवानासारखं दिसत नाही, सुकल्या बोरासारखं आखडलेलं असतं. माझ्याच फळीवर नमुना होता. दोन्ही शेजारी ठेवले असते तरी कळलं असतं. ठेवले नाहीत.

जुलैत पंधरा दिवस ऊन नाही. एका कुंडीतून आंबूस वास आला. खडे स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटले, तर खाली ड्रॅगन फ्रूटचा तीनधारी खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खोड, मातीत गळ्यापर्यंत पुरलेला, तपकिरी, लगदा झालेला. आठही कुंड्यांत तेच. कलम करणं गुन्हा नाही, मीही करतो. पण खुंट पुरून, वर खडे चिकटवून, बारा वर्षांच्या वाढीचे पैसे घ्यायचे? ओन-रूट म्हणून महाग झाड घेताना खोडाचा बुडखा आणि मुळं दाखवणारा व्हिडिओ मागा. चिकटवलेले खडे दिसले तर पोचवणाऱ्या पोरासमोरच फोडा.

आता सगळ्यात लाजिरवाणं. मी फोन केला, तर त्यानं माफी मागितली. म्हणाला, बदली झाडं थेट थायलंडहून पाठवतो, फक्त साइट्स आणि फायटोच्या कागदांचे ६,५०० भरा. साइट्स म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार, फायटो म्हणजे झाड निरोगी असल्याचा दाखला. एरिओकार्पस साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, कागद लागतात हे खरंच आहे, म्हणून पटलं. भरले. संध्याकाळी नंबर ब्लॉक. कागदांचे पैसे मागणाऱ्याकडून आधी कागदाची प्रत घ्या, आणि बाहेरून झाड येणार असेल तर आपल्याकडचा आयात परवाना कुणाच्या नावावर आहे तेही विचारा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला मी चार दिवसांनी फोन केला. तुम्ही चार मिनिटांत करा, पैसे पुढे सरकायच्या आत.

पोलीस ठाण्यात हवालदार हसले. ‘अवो, निवडुंगच न्हवं? माळाला ढिगानं हाय की, फुकट घ्या.’ शेजारचा दुसरा म्हणाला, ‘काटं टोचलं म्हणा की!’ तासभर बाकड्यावर बसवलं, मग म्हणे हा व्यवहारातला वाद, माल तर पोचलाय. ‘६,५०० चा माल कुठं पोचला?’ म्हटलं, तर साहेब बंदोबस्ताला गेलेत, सोमवारी या. सोमवारी गेलो तर रजेवर. बँकेत गेलो: पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. तिसऱ्यांदा ठाण्यात गेलो तेव्हा सडका खुंट पिशवीत घालून नेला. ‘हे आत आणू नका, वास मारतंय.’ एवढीच त्यांनी त्या पुराव्याची दखल घेतली.

ग्राहक आयोगात आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस धाडायची कुठं? खोक्यावरच्या पत्त्यावर चौकशी केली, तर तिथं मोबाईल रिचार्जचं दुकान. म्हणून पहिला रुपया द्यायच्या आधी जीएसटी नंबर असलेलं बिल मागा. ‘आपण छंदवाले, बिल कशाला’ म्हणाला की फोन ठेवा.

गेल्या आठवड्यात मित्रानं त्याच माणसाची नवी जाहिरात पाठवली. नंबर वेगळा. ‘कोल्हापूरचे समाधानी ग्राहक’ म्हणून खाली मी फेब्रुवारीत पाठवलेला फोटो. एरिओकार्पसच्या मागे निळं प्लास्टिकचं पिंप आणि दोरीवर वाळत घातलेला पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल दिसेल. तो टॉवेल माझा आहे. समाधानी मी नाही.