रंगाच्या सांडपाण्यासाठी करवंटीचा कोळसा: विट्याच्या डाईंगमधून अभिप्राय

विट्याच्या यंत्रमागांना लागणारे सुती सूत आम्ही रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या रंगांत) रंगवतो. ईटीपीमध्ये (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत) वाळूच्या फिल्टरनंतर जो कार्बन फिल्टर आहे, त्यात या वेळी नारळाच्या करवंटीपासून केलेला दाणेदार सक्रिय कोळसा भरला. हा अभिप्राय त्याविषयी आहे.

माल म्हणून कोळसा चांगला आहे. दाणा टणक असून पोत्यात चुरा फारसा निघाला नाही, आणि बॅकवॉशला (उलट दिशेने पाणी सोडून फिल्टर धुताना) सुरुवातीचे काळे पाणी लवकर निवळले. रंग काढण्याच्या बाबतीत मात्र त्याने निराशा केली, आणि त्याचे कारण पोत्यावर ठळकपणे छापलेल्या आकड्यातच आहे.

विक्रेत्याचा सगळा भर १००० या आयोडीन नंबरवर होता. एक ग्रॅम कोळसा ठरावीक चाचणीत किती मिलिग्रॅम आयोडीन धरून ठेवतो, एवढेच हा आकडा सांगतो. आयोडीनचा रेणू लहान असल्यामुळे तो अगदी बारीक छिद्रांतही शिरतो. करवंटीच्या कोळशातील बहुतेक छिद्रे दोन नॅनोमीटरपेक्षा लहान असतात, म्हणूनच पिण्याच्या पाण्यातील क्लोरीन आणि वास काढायला तो उत्तम ठरतो. पण आयोडीनचा रेणुभार सुमारे २५४ असताना रिअ‍ॅक्टिव्ह ब्लॅक ५ या नेहमीच्या काळ्या रंगाचा ९९० च्या वर आहे, आणि फिरोजीसाठी वापरतात तो रंग तर तांब्याच्या थॅलोसायनिनचा, म्हणजे आकाराने आणखी अवजड. अशा रेणूंना आतली बरीचशी जागा बंदच राहते. आमच्याकडे लाल रंगाचे पाणी समाधानकारक निवळले, काळ्याला थोड्याच काळात निळसर झाक येऊ लागली, आणि फिरोजी जवळजवळ जसा आत गेला तसाच बाहेर आला.

तेच पाणी बरण्यांत घेऊन लाकडापासून केलेल्या भुकटी कोळशाशी समान वजनाने तुलना केली, तेव्हा भुकटीने फिरोजीसुद्धा स्पष्टपणे फिका केला. भुकटीचा कण बारीक असल्याने ती रंग लवकर ओढते, हे धरूनही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. सोड्यामुळे अल्कधर्मी असलेले पाणी आम्लाने उदासीन केल्यावर दोन्ही कोळशांचे काम सुधारले. हिराकस (फेरस सल्फेट) आणि चुन्याने आधी गाळ बसवला, तर कोळशावरचा बोजा बराच हलका होतो. कच्चे पाणी थेट कोळशावर सोडणे म्हणजे पैसे गटारात ओतणे.

‘टीडीएससुद्धा (पाण्यात विरघळलेले क्षार) उतरेल’ हा विक्रेत्याचा दावा तर सरळ चुकीचा आहे. रंगाईत घातलेले मीठ सक्रिय कोळसा धरत नाही. त्यासाठी आरओ किंवा बाष्पीभवन लागते. वापरलेला कोळसा परत घेण्याची सोयही या विक्रेत्याकडे नाही. तो पुन्हा सक्रिय करायला सुमारे ८०० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाची भट्टी लागते, जी लहान युनिटला परवडत नाही. आणि रंगाने भरलेला कोळसा उकिरड्यावर टाकता येत नाही, तो घातक कचरा म्हणून अधिकृत केंद्राकडेच द्यावा लागतो. हा खर्च दर विचारतानाच हिशेबात धरावा.

पिण्याच्या पाण्याच्या प्लांटसाठी या मालाला पाचपैकी साडेचार तारे देईन, रिअ‍ॅक्टिव्ह डाईंगसाठी दोनच. घ्यायचाच असेल, तर आयोडीन नंबरबरोबर मिथिलीन ब्ल्यूचा आकडा (आयोडीनपेक्षा मोठा रंगाचा रेणू कोळसा किती धरतो ते सांगणारा) मागावा आणि किलोभर नमुना आणून स्वतःच्या सर्वांत गडद घाणीच्या पाण्यावर तपासल्याशिवाय ऑर्डर देऊ नये.